लोकलने आणि एसटीने वनौषधींच्या भेटीस

द्रव्याची ओळख कोणाकडून करून घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात दिले आहे. शेळ्या राखणारे, मेंढपाळ, गुराखी आणि अन्य वनवासी हे औषधींना नावाने व रूपाने जाणतात, असे ते सांगतात. सुश्रुताचार्यांनीही भूमिप्रविभागीय अध्यायात गोपाल, तापस, व्याध आणि वनात वावरणारे लोक यांच्याकडेच बोट दाखविले आहे. नामरूपाचे ज्ञान म्हणजे सर्वस्व नव्हे, द्रव्याचा योग जाणणारा तो श्रेष्ठ, हेही चरकाचार्य लगेच स्पष्ट करतात. मात्र ही पहिली पायरीही तेवढीच आवश्यक आहे. न ओळखलेले औषध विष, शस्त्र, अग्नी यांसारखे आणि ओळखलेले औषध अमृतासारखे, ही त्यांची तुलना आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेली आहे.

आज आपल्यापैकी बहुसंख्य वैद्य शहरात व्यवसाय करतात. द्रव्य आपल्याकडे येते ते गोणीत, पुडीत किंवा डब्यात, आणि तेही चूर्ण वा भरड होऊन. गुराख्याची भेट व्हावी तरी कोठे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे एक साधे, कमी खर्चाचे आणि प्रत्यक्ष आचरलेले उत्तर मांडण्याचा प्रयत्न आहे. रविवारी वा सुट्टीच्या दिवशी लोकलने किंवा एसटीने शहराबाहेर पडावे, पायी चालावे आणि दिवेलागणीपर्यंत घरी परतावे. या भ्रमणाचे नियोजन कसे करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

एका चुकीची कबुली

प्रथम या विषयाकडे प्रस्तुत लेखक कसा वळला, ते सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे जीर्ण अतिसाराचे एक रुग्ण येत असत. व्यवसायाने शिक्षक, स्वभावाने अतिशय काटेकोर. चरकाचार्यांनी अग्र्यसंग्रहात कफ, पित्त व रक्त यांचे संग्रहण व उपशोषण करणाऱ्या द्रव्यांत कुटजत्वक् श्रेष्ठ मानली आहे, त्यास अनुसरून मी त्यांना कुटजाची घनवटी देत होतो. ती मी स्वतःच तयार करीत असे आणि त्याचा मला अभिमानही होता. चार महिने उलटले तरी उतार पडेना. मी अनुपान बदलले, मात्रा वाढविली आणि शेवटी, आपण पथ्य पाळत नसाल, असे त्यांना बोलून दाखविले. ते काही बोलले नाहीत, पण पुन्हा आलेही नाहीत.

त्याच वर्षी वैशाखात एका मित्राच्या आग्रहावरून मी लोकलने मळवलीस गेलो. भाजे गावाच्या वरच्या अंगास वाटेवर पांढऱ्या फुलांचे एक झाड बहरलेले होते. मी मोठ्या विद्वत्तेने मित्रास म्हणालो, “हा कुटज.” मागून मोळी घेऊन येणाऱ्या एक आजी थांबल्या आणि म्हणाल्या, “ह्यो काळा कुडा हाय, दादा. जुलाबाला त्यो पांढरा लागतो, त्यो तिकडं वर. साल चावून बघा, कडूजहर लागली तर खरी.”

आजींनी पुढे होऊन दोन्ही झाडे दाखविली. पांढऱ्या कुड्याची साल जिभेवर ठेवताच कडवटपणा घशापर्यंत गेला. काळ्या कुड्याच्या सालीत तो कडूपणा नव्हता. घरी येऊन मी डब्यातील, बाजारातून आणलेली ‘कुटजत्वक्’ चघळून पाहिली. ती काळ्या कुड्याच्या सालीसारखीच निघाली. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना नमुना दाखविला, त्यांनीही तेच सांगितले. व्यापाऱ्यास दोष देणे सोपे होते, आणि तो मी दिलाही. परंतु वर्षभर ती साल माझ्याच हातांनी कुटली, उकळली आणि आटविली जात होती. कुटज तिक्तरसाचा, हे मी रुग्णांना आणि विद्यार्थ्यांना सांगत होतो, पण जीभ लावून पाहण्याचे मला एकदाही सुचले नव्हते.

त्या शिक्षकांचे घर शोधून मी त्यांची क्षमा मागितली. ते तोवर अन्यत्र उपचार घेत होते. “आपण येऊन सांगितलेत, हे पुष्कळ झाले,” एवढेच ते म्हणाले. त्या वाक्याने मला प्रत्येक ऋतूत किमान एकदा तरी रानात पाठविले आहे.

सार्वजनिक वाहनच का?

स्वतःची मोटार असताना लोकल किंवा एसटी कशासाठी, असा प्रश्न सहव्यावसायिक नेहमी विचारतात. त्यास तीन उत्तरे आहेत.

पहिले असे की मोटार माणसास परत त्याच जागी खेचून आणते. जेथे वाहन उभे केले तेथेच परतावे लागते, त्यामुळे अर्धी वाट पुन्हा तीच तुडवावी लागते. लोकलने जाणारा एका स्थानकावर उतरून दुसऱ्या स्थानकावर किंवा महामार्गावरील एसटीच्या थांब्यावर चढू शकतो. वाट नवी राहते आणि वनस्पतींचा आढळही बदलत जातो.

दुसरे, एसटीत शेजारी बसलेला माणूस त्याच गावचा असतो. कोणत्या ओढ्याला निरगुडी आहे, कोणत्या देवराईत बेहडा उभा आहे, हिरडा गोळा करणारे कोण, ही माहिती तासाभराच्या प्रवासात सहज मिळते. चरकाचार्यांचे गुराखी आज पुष्कळदा एसटीच्या मागच्या आसनावर भेटतात.

तिसरे उत्तर थकव्याचे आहे. दिवसभर चालून दमलेल्या माणसाने सायंकाळी घाटातून वाहन हाकणे हे शास्त्रास आणि व्यवहारास दोहोंसही धरून नाही.

खर्चाचाही विचार आहेच. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी धावली, आणि ‘गाव तेथे एसटी’ या ब्रीदामुळे डोंगरपायथ्याची असंख्य गावे जोडली गेली. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत मिळू लागली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये विनामूल्य प्रवासाची योजना सुरू झाली. आपल्या संघटनेतील ज्येष्ठ वैद्य, ज्यांची दृष्टी द्रव्यपरीक्षणात आपल्याहून तयार आहे, त्यांना सोबत नेण्यास यामुळे फारशी अडचण उरत नाही.

नियोजन शेवटाकडून करावे

नवखा मनुष्य सकाळच्या गाडीपासून विचार सुरू करतो. अनुभवी मनुष्य परतीच्या गाडीपासून करतो. हे सर्व नियोजनाचे मूळ सूत्र आहे.

याचे कारण वाहनांच्या वेळापत्रकाच्या रचनेत आहे. ग्रामीण एसटी ही गावकऱ्यांसाठी असते, शहरातील फिरस्त्यांसाठी नसते. सकाळी गावातून तालुक्याला विद्यार्थी, दूध आणि नोकरदार न्यावयाचे आणि सायंकाळी त्यांना परत सोडावयाचे, हा तिचा क्रम. मुक्कामी गाडी रात्री गावात पोहोचते, तेथेच थांबते आणि पहाटे निघते. आपली गरज नेमकी उलट असते. आपणास सकाळी गावाकडे आणि सायंकाळी शहराकडे जावयाचे असते. म्हणून गावाहून तालुक्याकडे जाणारी शेवटची गाडी अनेकदा अपेक्षेपेक्षा बरीच लवकर, दुपारी चार-पाचच्या सुमारासच, निघून गेलेली असते.

त्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१) परतीची शेवटची गाडी कोणती ते आगारातील चौकशी खिडकीवर किंवा वाहतूक नियंत्रकाकडे विचारावे. छापील वेळापत्रकावर किंवा मोबाइलवरील माहितीवरच विसंबू नये. शाळांच्या सुट्टीत काही फेऱ्या बंद असतात, तर आठवडी बाजाराच्या दिवशी जादा फेऱ्या असू शकतात.

२) त्या शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी ही आपली गाडी मानावी. शेवटची गाडी राखीव ठेवावी.

३) त्या वेळेतून अर्धा तास थांब्यावरील प्रतीक्षेसाठी वजा करावा.

४) उरलेल्या वेळेत चालण्याचा काळ बसवावा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला नियम आजही जगभर वापरला जातो. दर तीन मैलांस, म्हणजे सुमारे पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर दोन हजार फुटांस, म्हणजे सुमारे सहाशे मीटरला आणखी एक तास. हा निरोगी व सवयीच्या माणसाचा काळ होय. प्रत्येक झुडपापाशी थांबणाऱ्या वैद्यमंडळींनी तो सरळ दुप्पट धरावा.

५) एकूण वेळ जुळत नसेल तर वाट लहान करावी. चालण्याचा वेग वाढवून वेळ जुळविण्याचा प्रयत्न करू नये.

एक नमुना : मळवली–भाजे–लोहगड

पुणे–लोणावळा लोकलमार्गावर लोणावळ्याच्या अलीकडचे स्थानक मळवली. सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या गाडीने निघावे. दुपारच्या काही तासांत या मार्गावरील दोन गाड्यांमधील अंतर वाढते, हे ध्यानात ठेवून परतीची वेळ निघण्यापूर्वीच पाहून घ्यावी.

स्थानकाबाहेर पडून द्रुतगती महामार्गावरील पूल ओलांडला की भाजे गाव लागते. गावाच्या वर इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासून कोरली गेलेली २२ लेण्यांची मालिका आहे. लेण्यांच्या पायऱ्यांवर घटकाभर बसून न्याहारी करावी. तेथून वाट चढत लोहगड व विसापूर या दोन किल्ल्यांमधील गायमुख खिंडीत जाते आणि पुढे लोहगडवाडीस पोहोचते. लोहगडाची उंची सुमारे १,०३३ मीटर. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले समाविष्ट झाले, त्यांत हा किल्ला आहे.

आता वरील सूत्र लावून पाहू. मळवलीपासून गडमाथा सुमारे सात-आठ किलोमीटर आणि चढ सुमारे चारशे मीटर. नाइस्मिथ यांच्या नियमाने सपाट चालीचे दीड तास आणि चढाची चाळीस मिनिटे, म्हणजे दोन तासांहून थोडे अधिक. वनस्पती पाहत गेल्यास चार ते साडेचार तास. सकाळी आठला मळवलीस उतरलेला गट साडेबारापर्यंत गडावर पोहोचेल. भोजन व विश्रांतीस एक तास, आणि उतरण्यास न थांबता दोन तास. साडेतीन-चारपर्यंत पुन्हा स्थानकावर. ज्यांना एवढे चालणे झेपणार नाही त्यांनी गायमुख खिंडीतूनच परतावे. द्रव्यदर्शनाच्या दृष्टीने त्यांचे फारसे काही हुकत नाही, कारण भाजे ते खिंड हाच टप्पा वनस्पतींनी समृद्ध आहे.

या परिसराचा शास्त्रीय अभ्यास फार जुना आहे. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील आपला ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर संतापाव यांनी शेजारच्या खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ मध्ये प्रकाशित केला. रेल्वेने सहज पोहोचता येणाऱ्या एका घाटमाथ्यावर पुन्हा पुन्हा जाऊन केलेले ते काम आहे. एकच वाट बारा महिने पाहणे हे बारा वाटा एकेकदा पाहण्यापेक्षा अधिक शिकविते, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

दोन कुडे कसे ओळखावेत?

पांढरा कुडा, म्हणजे शास्त्रोक्त कुटज (होलॅऱ्हिना प्यूबेसेन्स) आणि काळा कुडा (राइटिया टिंक्टोरिया) हे दोन्ही एकाच कुळातील. दोहोंची पाने समोरासमोर, दोहोंत चीक, दोहोंची फुले पांढरी आणि दोहोंच्या शेंगा जोडीने लोंबणाऱ्या. म्हणूनच घोटाळा होतो. पुढील लक्षणे मात्र प्रत्यक्ष झाडावर निश्चितपणे दिसतात.

फुलाच्या मध्यभागी पाहावे. काळ्या कुड्याच्या फुलात केसरांसारख्या झालरीचा मुकुट असतो, पांढऱ्या कुड्याच्या फुलात तो नसतो, केवळ बारीक नळी असते. शेंगा पाहाव्यात. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा कोवळेपणी टोकाशी एकमेकींस चिकटलेल्या असतात, पांढऱ्या कुड्याच्या सुट्या असतात. पान वाळवून पाहावे. काळ्या कुड्याचे पान वाळताना काळसर-निळसर पडते. शेवटी रस पाहावा. पांढऱ्या कुड्याचे बी ते कडू इंद्रजव आणि काळ्या कुड्याचे ते गोड इंद्रजव, ही बाजारातील नावेच पुरेशी बोलकी आहेत.

ही लक्षणे ग्रंथात वाचून जेवढी ठसत नाहीत, तेवढी वैशाखातील एका सकाळी दोन्ही झाडांखाली उभे राहून ठसतात. मात्र एक इशारा आवश्यक आहे. रसपरीक्षण हे केवळ पूर्ण ओळख पटलेल्या, निर्विष द्रव्याचेच करावे. कळलावीसारखी विषारी द्रव्ये याच वाटांवर पावसाळ्यात फुललेली असतात. अनोळखी वनस्पती जिभेस लावू नये.

ऋतूंनुसार भ्रमण

चरकाचार्यांनी कल्पस्थानात द्रव्यसंग्रहाचा काळ सांगितला आहे. पाने व शाखा वर्षा आणि वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद व चीक शरदात, सार हेमंतात आणि फुले-फळे आपापल्या ऋतूत. आपण संग्रहास जात नसून दर्शनास जातो. तरीही हा क्रम भ्रमणाचे वार्षिक नियोजन आयतेच हाती देतो.

वर्षा ऋतूत भारंगी, रानहळद, टाकळा, भुईआवळी, कळलावी दिसतात. या काळात गड चढण्याऐवजी पायथ्याच्या वाटा निवडाव्यात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एका कुटुंबातील माणसे वाहून गेली, ही घटना विसरता येणारी नाही. वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाने ओढा काही क्षणांत फुगतो. धबधब्यात उतरू नये, गर्दीचे शनिवार-रविवार टाळावेत आणि प्रशासनाचे मनाई आदेश निघाले आहेत काय ते आधी पाहावे.

शरदात मुरुडशेंगेची पिळदार फळे, धरू लागलेले वेल आणि सुकू लागलेली कंदवर्गीय पाने दिसतात. ऊन तीव्र असते, म्हणून सकाळचाच प्रहर उपयोगात आणावा.

हेमंत-शिशिर हा चालण्याचा खरा काळ. हिरड्याची फळे झाडावर दिसतात, कुड्याच्या शेंगा तडकून बी उडू लागते आणि उताराउतारावर धायटीची तांबडी फुले येऊ लागतात. आसवारिष्टांत वर्षानुवर्षे धातकीपुष्प घालणाऱ्या औषधनिर्मात्यांनी ते झुडूप फुललेले एकदा तरी पाहावे.

वसंत-ग्रीष्मात पळस, सावर, बहावा आणि दोन्ही कुडे फुलतात, करवंदे पिकतात. पाणी दुर्मीळ होते. माणशी किमान तीन लिटर पाणी घेऊन पहिल्याच गाडीने निघावे आणि माध्यान्हापूर्वी परतीस लागावे.

मुंबई व अन्य शहरांतून

मुंबईकरांना तर रेल्वेस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर राष्ट्रीय उद्यान लाभले आहे. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचे असून आत कान्हेरीची लेणी आहेत. ते सोमवारी बंद असते. आपल्या परिचयाच्या सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावातील ‘बोरिव्हिलिॲनम’ हा शब्द याच बोरिवलीवरून आला आहे. पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या एसटीने कर्नाळा अभयारण्याच्या दाराशीच उतरता येते. मध्य रेल्वेच्या नेरळ स्थानकावरून माथेरान गाठता येते. २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या या गिरिस्थानाच्या सदाहरित सावलीत अंजनी, जांभूळ, हिरडा यांचे दर्शन होते.

नाशिकहून त्र्यंबकेश्वर व ब्रह्मगिरी, कोल्हापूरहून पन्हाळा, साताऱ्याहून सज्जनगड आणि पुण्यातून शहर बसने सिंहगडाचा पायथा, ही सर्व एका दिवसाची भ्रमणे होत. प्रत्येक शाखेने आपल्या आगारातील वेळापत्रक समोर ठेवून स्वतःची एक वाट निश्चित करावी.

भ्रमणातील पथ्यापथ्य

सुश्रुताचार्यांनी देहास अति पीडा न देणारे चंक्रमण आयुष्य, बल, मेधा व अग्नी वाढविणारे म्हटले आहे, आणि प्रमेहचिकित्सेत निर्धन रुग्णास शंभर योजने चालण्याचा आदेशही दिला आहे. व्यायाम अर्धशक्तीनेच करावा, ही मर्यादाही शास्त्रानेच घातली आहे. चिकित्सालयात दिवसभर आसनस्थ असणाऱ्या वैद्याने पहिल्याच दिवशी गडाचा हट्ट धरू नये.

अधारणीय वेगांत श्रमश्वासाचा समावेश आहे, याचा अर्थ चढावर नीट कळतो. दम लागला की थांबावे, तो दाबून पुढच्यास गाठू नये. तृष्णा व मूत्रवेग यांचेही तसेच. एसटी फाट्यावर थांबण्याची शाश्वती नसते, म्हणून आगारातून निघण्यापूर्वीच सोय पाहून घ्यावी. सोबत दशमी, चटणी, गूळ-शेंगदाणे, लिंबू-मीठ-साखर, टोपी, शिट्टी, विजेरी आणि सुटे पैसे असावेत. हृद्रोग, श्वास किंवा मधुमेहासाठी नित्य औषध घेणाऱ्यांनी ते जवळ ठेवावे व गटप्रमुखास तशी कल्पना द्यावी. गट आठ ते बारा जणांचा असावा. सर्वांत मागे चालणारा ठरलेला असावा आणि गटाचा वेग तोच ठरवील.

गावातील एका जाणत्या व्यक्तीस वाटाड्या म्हणून घ्यावे आणि त्याचे मानधन आधी ठरवून, संकोच न करता द्यावे. त्याचे ज्ञान हे आपल्या फीइतकेच मोलाचे आहे.

वनस्पती उपटू नयेत. राष्ट्रीय उद्यान व अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे. तेथे पानही न तोडता केवळ छायाचित्रे घ्यावीत. संपूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, पानांची मांडणी, साल, फूल व फळ अशी किमान सहा छायाचित्रे, मोजपट्टी शेजारी ठेवून घेतल्यास तज्ज्ञांना ओळख पटविणे सोपे जाते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र व आघारकर संशोधन संस्था, तर मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लाटर वनस्पतिसंग्रह येथे या विषयाचे जाणकार आहेत.

औषधनिर्मात्यांना विशेष विनंती

हा केवळ वैद्यांचा छंद नव्हे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या परिशिष्ट ‘टी’ मध्ये २००० साली उत्तम निर्मितिपद्धतीचे नियम आले. कच्च्या मालाची परीक्षा ही तेव्हापासून कायदेशीर जबाबदारी आहे. प्रयोगशाळेचा अहवाल आवश्यक आहेच. परंतु माल गोदामाच्या दारात असताना पहिली शंका डोळ्यांना आणि जिभेलाच यावी लागते. सीतेच्या अशोकाऐवजी (सराका असोका) रस्त्याकडेच्या उंच हिरव्या अशोकाची (पॉलिॲल्थिया लाँगिफोलिया) साल येते. औषधिकोशातील विडंगाच्या (एम्बेलिया राइब्स) जागी बाजारात बहुधा दुसऱ्याच जातीची वावडिंग (एम्बेलिया च्येरियम-कोट्टम) मिळते. ही उदाहरणे आपणास ठाऊक आहेत. ज्याने जिवंत झाड पाहिले आहे, त्याचा हात अशा गोणीत घातल्याबरोबर थबकतो.

माझे एक औषधनिर्माते स्नेही आपल्या खरेदी विभागातील दोघांना दरवर्षी आमच्याबरोबर मळवलीस पाठवितात. भाज्याच्या वाटेवरील दोन्ही कुड्यांची पाने, फुले व शेंगा त्यांच्या गोदामात चित्ररूपाने लावलेल्या आहेत. आलेली साल चघळून पाहिल्याशिवाय पावतीवर स्वाक्षरी होत नाही. दोन माणसांच्या लोकलच्या तिकिटात होणारे हे काम आहे.

असो. प्रत्येक शाखेने वर्षातून चार ऋतूंत चार भ्रमणे आखावीत, एकच वाट निवडावी, आणि आढळलेल्या द्रव्यांची नोंद व फुला-फळांचा काळ आपल्या त्रैमासिकाकडे पाठवावा, असे नम्र आवाहन आहे. पाच वर्षांत आपल्या हाती महाराष्ट्रातील वनौषधींचे स्वतःचे ऋतुपत्रक येईल.

त्या आजी पुढे काही वर्षे भाज्याच्या वाटेवर भेटत असत. “सापडला का कुडा, दादा?” असे हसून विचारीत. आता त्या नाहीत. त्यांचा नातू कधीमधी वाटाड्या म्हणून आमच्याबरोबर येतो, आणि दोन्ही झाडे कोठे आहेत हे त्यास अचूक ठाऊक आहे. त्यास ठाऊक आहे तोवर आपण जाऊन विचारून घेतलेले बरे.